काकई, कालव आणि पाण्याची खोली

किनाऱ्यावरील शाळांत प्राणिजीवनाचा पाठ चालू असता एक विसंगती पुष्कळदा दिसून येते. पुस्तकात ज्या प्राण्याचे चित्र असते तो मुलांनी कधी पाहिलेला नसतो. आणि जो प्राणी त्यांच्या घरी आठवड्यातून एकदा तरी शिजतो, त्याचे नाव पुस्तकात सापडत नाही. काकई हा असाच एक प्राणी आहे. रत्नागिरीकडे तिला काकई म्हणतात, मालवण व गोव्याकडे शिणाणे म्हणतात. शास्त्रज्ञांनी तिला ‘पर्ना विरिडिस’ असे नाव दिले असून त्यातील ‘विरिडिस’ हा शब्द तिच्या हिरव्या रंगावरून आला आहे. कोवळ्या काकईचे कवच खरोखरीच हिरवेगार असते. वय वाढले म्हणजे त्यावर तपकिरी छटा चढते.

या लेखात काकईच्या निमित्ताने एकच प्रश्न घेतला आहे. तो असा की, एकाच खडकावर काही प्राणी वर, काही मध्ये व काही अगदी खाली का राहतात? पाण्याची खोली बदलली म्हणजे जीवसृष्टी का बदलते? वरच्या प्राथमिक वर्गांसाठी हा विषय फार सोयीचा आहे, कारण याची प्रयोगशाळा शाळेपासून हाकेच्या अंतरावर असते व तिला कुलूप नसते. तथापि तिला भरती-ओहोटीचे वेळापत्रक मात्र असते, आणि ते न पाळणाऱ्यास समुद्र क्षमा करीत नाही. म्हणून प्रथम त्याचा विचार करू.

ओहोटीचा हिशेब

कोकणातील जुनी माणसे भरतीची वेळ पंचांगावरून काढीत. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास मिळतो, हा तो हिशेब. तृतीयेस तीनाची पाऊणपट सव्वादोन. म्हणजे दुपारी व रात्री सव्वादोनच्या सुमारास भरती. पौर्णिमेस पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. वद्य पक्षातही पुन्हा प्रतिपदेपासूनच मोजावयाचे. चंद्र दररोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो व भरतीही तितकीच मागे पडते, हे या हिशेबाचे मूळ आहे. भरती व ओहोटी यांत सव्वासहा तासांच्या आसपास अंतर असते. हा हिशेब ठोकळ आहे. अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतो, म्हणून छापील भरतीपत्रक मिळाल्यास त्याच्याशी ताडून पाहावे. परंतु पाढ्यांच्या तासाला ‘पाऊणकी’ कशासाठी शिकावयाची, या मुलांच्या शंकेला याहून चांगले उत्तर क्वचितच सापडेल.

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते व अष्टमीच्या सुमारास भांग. उधाणाच्या दिवसांत पाणी चढतेही अधिक आणि उतरतेही अधिक. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर उधाणाच्या वेळी भरतीचे व ओहोटीचे पाणी यांतील फरक दोन मीटरांच्या वर जातो. उत्तरेकडे मुंबईस तो याहून अधिक, आणि खंबायतच्या आखातात भावनगरजवळ तर दहा मीटरांपर्यंत असतो. उधाण नेमके अमावास्येस न येता एक-दोन दिवस मागून पूर्ण भरास येते. त्यामुळे सहलीस द्वितीया व तृतीया या तिथी सर्वांत सोयीच्या होत. त्या दिवशी ओहोटी सकाळी पावणेआठ ते साडेआठच्या दरम्यान लागते. मुलांनी तासभर आधी खडकावर पोचावे, पाणी उतरत असता काम करावे, आणि पाणी फिरताच, काम अर्धे राहिले असले तरी, शिक्षकाने सर्वांना वर घ्यावे. पावसाळ्यात ही सहल मुळीच काढू नये. शेवाळलेल्या खडकावर अनवाणी मुलाचा पाय घसरतो आणि कालवाच्या धारेने तळवा चिरतो, हेही ध्यानी असावे.

खडकाची पट्टे-पद्धती

रत्नदुर्गाच्या पायथ्याचे, जयगड वा पूर्णगडच्या टोकाचे, किंवा आरे-वारे येथील खडक ओहोटीत दुरून पाहिले तर त्यांवर आडवे पट्टे ओढल्यासारखे दिसतात. वर करडा, मध्ये पांढुरका, त्याखाली काळपट-हिरवा. हे पट्टे म्हणजे निरनिराळ्या प्राण्यांच्या वसाहती होत.

सर्वांत वर, जेथे केवळ उधाणाच्या लाटांचे तुषार पोचतात, तेथे वाटाण्याएवढे व त्याहूनही लहान शंख भेगांत दाटीने बसलेले असतात. त्यांना दिवसच्या दिवस पाण्यावाचून काढता येतात. त्याखाली खडकाला घट्ट चिकटलेले, चुन्याच्या लहान डेऱ्यासारखे खरखरीत प्राणी लागतात. मुले त्यांना शिंपल्यांतच जमा करतात. पण हा डेरा पाण्यात बुडाला म्हणजे त्याच्या तोंडातून पिसासारखे पाय बाहेर येऊन पाणी चाळू लागतात. हा प्राणी शिंपल्यांचा नव्हे, तर कोळंबी व खेकडा यांचा भाऊबंद आहे. एका वाटीत समुद्राचे पाणी घेऊन अशा प्राण्यांसह एखादा सुटा दगड त्यात ठेवला, तर हे पाय हलताना भिंगातून दिसतात. हा एवढा प्रयोग झाला तरी सहल सार्थकी लागली असे समजावे.

मग कालवांचा पट्टा येतो. कालवाचे एक कवच खडकात जणू ओतलेले असते, दुसरे झाकणासारखे वर. आणि त्याच्याही खाली, जेथे खडक दिवसातून थोडाच वेळ उघडा पडतो, तेथे काकईचे घोस सुरू होतात व पाण्याखाली तसेच चालू राहतात. भारताच्या किनाऱ्यावर हिरवी काकई ओहोटीच्या रेषेपासून सुमारे पंधरा मीटर खोलीपर्यंत आढळते. पण तिची खरी दाटी पहिल्या काही मीटरांतच असते.

पट्टे का पडतात?

खोली म्हटली की मुलांच्या मनात प्रथम पाण्याचा दाब येतो. दाब वाढतो हे खरेच आहे. दहा मीटर खाली गेल्यास तो पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. पण काकईच्या शरीरात हवेची पोकळी नसते, त्यामुळे इतक्या दाबाचे तिला काही वाटत नाही. जिच्या पोटात हवेची पिशवी आहे त्या मासळीची गोष्ट वेगळी. तेव्हा किनाऱ्यालगतच्या या प्रश्नात दाबास बाजूला ठेवावे आणि ‘किती खोल’ याऐवजी ‘किती वेळ पाण्याखाली’ असे विचारावे. प्रश्न असा फिरवला की पुष्कळसे कोडे उलगडते.

काकई पाणी गाळून जगते. एका बाजूने पाणी आत घेऊन, कल्ल्यांवर त्यातील सूक्ष्म वनस्पती व कण अडवून, दुसरीकडून ती ते सोडते. मोठी काकई तासाला काही लिटर पाणी अशा रीतीने गाळते. अर्थात कवच उघडल्यावाचून जेवण नाही, आणि पाण्याबाहेर कवच उघडले तर ती सुकून मरते. भरती-ओहोटीच्या मध्यरेषेवर जी काकई बसली असेल, ती दिवसाचे सुमारे बारा तास पाण्याबाहेर असते. म्हणजे ती अर्धे आयुष्य उपाशी काढते. त्यात वैशाखातील दुपारी ओहोटी आली तर काळा खडक हात लावू देत नाही इतका तापतो. मिटलेल्या कवचात थोडे पाणी धरून ती तग धरते, पण त्याला मर्यादा आहे. म्हणून काकईच्या पट्ट्याची वरची हद्द ऊन व कोरडेपणा ठरवितात.

खालची हद्द कोण ठरवितो? येथे मुले बहुधा गोंधळतात, कारण खाली पाणी, अन्न, गारवा सर्वच आहे. मग काकईने सर्व तळ का व्यापू नये? याचे उत्तर शेजाऱ्यांत आहे. खाली तिचे शत्रूही सदासर्वकाळ पाण्यात असतात. खेकडे तिचे कवच फोडतात. मांसाहारी शंख कवचाला बारीक भोक पाडून आतील मांस शोषतात. तारामासा आपल्या पायांनी दोन्ही कवचे ओढून धरतो आणि फट पडताच पोट आत घालून तेथेच पचवितो. जे शत्रू वरच्या खडकावर भरतीपुरतेच येऊ शकतात, ते खाली ठाण मांडून असतात. (वाळूत सापडणाऱ्या तिसऱ्यांच्या कवचाला बारीक, गोल, कोरून काढल्यासारखे भोक पुष्कळदा असते आणि मुले ती ओवून माळा करतात. ते भोक निसर्गतः पडलेले नसून तो एका शंखाच्या शिकारीचा पुरावा आहे, हे सांगितले की माळेकडे पाहण्याची त्यांची दृष्टीच पालटते.)

ही केवळ कल्पना नाही. जोसेफ कॉनेल या शास्त्रज्ञाने स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर डेऱ्यासारख्या प्राण्यांच्या दोन जातींवर केलेले काम १९६१ साली प्रसिद्ध केले. वरच्या पट्ट्यातील जात खालीही जगू शकते. पण खाली दुसरी, जोमाने वाढणारी जात तिला दाबून व उखडून टाकते, असे त्याने दाखविले. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील किनाऱ्यावर रॉबर्ट पेन याने एका पट्ट्यातील तारामासे सातत्याने उचलून दूर फेकले. १९६६ साली त्याने आपले निरीक्षण प्रसिद्ध केले, तेव्हा त्या खडकावरील पंधरा जातींपैकी आठच उरल्या होत्या. तेथील शिंपल्या शत्रू नाहीसा होताच खाली पसरू लागल्या आणि त्यांनी इतरांची जागा बळकावली. मारणारा प्राणीच इतर अनेकांना जागा मिळवून देत होता. हा निष्कर्ष तेव्हा अनेकांना अनपेक्षित वाटला आणि आजही वर्गात सांगितला म्हणजे मुले क्षणभर गप्प होतात.

परदेशातील उदाहरण जसेच्या तसे कोकणाला लावू नये. तेथील प्राणी वेगळे व ऋतू वेगळे. येथे एक चौथा अंमलदार आहे, तो म्हणजे पाऊस.

गोडे पाणी वर, खारे पाणी खाली

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो व त्यातील बहुतेक चार महिन्यांत. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात. आषाढात काजळी नदीचा लोंढा भाट्ये खाडीत उतरतो, किंवा शास्त्रीचा जयगडकडे आणि वाशिष्ठीचा दाभोळकडे, तेव्हा खाडीच्या पाण्यातील क्षार एकदम घटतात. गोडे पाणी हलके असल्याने ते वर राहते व खारे पाणी तळाशी पाचरीसारखे आत शिरते. त्यामुळे खाडीत ‘खोली’ याचा अर्थ ‘खारेपणा’ असाही होतो. एकाच खांबावर वरच्या हातभर भागातील काकई कवच मिटून दिवस काढते किंवा मरते, आणि खालच्या भागातील तरून जाते. लोंढा फार मोठा असला, तर वर-खाली हा भेदही उरत नाही.

हा भेद वर्गात दाखविणे सोपे आहे. एका काचेच्या पेल्यात मिठाचे दाट पाणी घ्यावे, त्यावर चमच्याच्या पाठीवरून निळ टाकलेले साधे पाणी हलकेच सोडावे. दोन थर स्पष्ट दिसतात. मग पेला ढवळावा. लाटा व भरतीचा ओघ हेच करतात.

तिसऱ्या व मुळे यांची रीत वेगळी. काळबादेवी वा भाट्ये येथील खाडीत स्त्रिया गुडघाभर, कधी मांडीभर पाण्यात वाकून त्या चाचपून काढतात. काकईसारखे धागे काढून त्या खडकाला चिकटत नाहीत, तर पायाने वाळू उकरून आत शिरतात आणि नळ्या तेवढ्या वर ठेवतात. ऊन, लाट व काही प्रमाणात गोडे पाणी यांपासून वाळूच त्यांचा बचाव करते. काकईने चिकटून राहण्याचा मार्ग घेतला, तिसऱ्यांनी पुरून घेण्याचा. तळ खडकाळ की वाळूचा, यावर शेजारीपाजारी कोण असणार हे पुष्कळसे अवलंबून असते. खोली त्यानंतर येते.

काकईच्या घोसात तरी किती बिऱ्हाडे असतात! तिच्या धाग्यांच्या गुंत्यात गाळ साठतो, ओल टिकते, लाटेचा जोर मोडतो. त्या आडोशाला किडे, बारीक खेकडे, लहान शंख आणि त्यांची पिले राहतात. म्हणून लोखंडी हत्याराने एक घोस खरवडून काढला म्हणजे केवळ काकई जात नाही. ती सारी वाडीच उठते. खडकाच्या ज्या भागावर ओहोटीत पायी जाता येते, तो पट्टा दरवर्षी असा खरवडला जातो आणि त्यात अंगठ्याएवढ्या पिलांचाही समावेश असतो. त्या पिलांचे मांस ते किती! पुन्हा खडक भरून येतो, याचे एक कारण पाण्याखालील, हाताला न लागणाऱ्या काकया हे होय. त्यांची अंडी पाण्यात सुटतात, अळ्या दोन-तीन आठवडे वाहत फिरतात आणि मग जागा मिळेल तेथे चिकटतात. ‘गुरुजी, काकईला पोहता येत नाही, मग ती खडकावर चढली कशी?’ या प्रश्नाचे उत्तर येथे द्यावे. बालपणी ती तरंगती असते. खालच्या काकयाही बुडी मारून सरसकट काढल्या, तर वरच्या खडकाला बियाणे कोठून यावयाचे, हा विचार ज्या घरांत काकई विकून मीठ-मिरची येते, त्या घरांतील मुलांसमोर दोष न देता ठेवावा. त्यांच्या आया-आज्यांना कोणत्या महिन्यात काकई ‘भरलेली’ असते व कोणत्या महिन्यात पोकळ, हे शिक्षकाहून अधिक ठाऊक असते. ते मुलांना विचारून आणावयास सांगावे. भरलेल्या दिवसांत नराचे मांस पांढरट-पिवळे व मादीचे नारिंगी दिसते; ही खूण तर स्वयंपाकघरातच पाहता येईल.

दोरीवरची काकई

पाण्याखाली सतत राहिल्यास काकई किती वेगाने वाढते, हे शेतीच्या प्रयोगांनी दाखविले आहे. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने १९७० नंतरच्या दशकात तराफ्यावरून दोऱ्या सोडून काकई वाढविली. रत्नागिरीतही असे प्रयोग झाले. दोरीवरची काकई महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढून पाच-सहा महिन्यांत विक्रीयोग्य होते. तिला उपास नाही, उन्हाची झळ नाही. आणि दोरी तळाला टेकू दिली नाही तर खेकड्यांना चढावयास जिनाही नाही. केरळात कासरगोड जिल्ह्यातील पडन्ना येथे १९९० नंतरच्या दशकात स्त्रियांच्या बचतगटांनी खाडीत अशी शेती सुरू केली. पीक पावसाळ्यापूर्वी काढून घेतात. कारण तेच, गोडे पाणी.

या शेतीची दुसरी बाजूही आहे. दाटीने टांगलेल्या काकयांची विष्ठा व टाकलेला गाळ खाली पडतो. प्रवाह खेळता असला तर तो पसरतो. पाणी संथ व उथळ असले तर तळावर काळा, दुर्गंधी चिखल साचतो. तिसऱ्यांसारखे प्राणी तेथून हटतात आणि चिखलातील किडे माजतात.

फार खोल गेल्यासही सर्व ठीक असते असे नाही. पश्चिम किनाऱ्यालगत ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुमारास प्राणवायू कमी असलेले खोल समुद्राचे पाणी तळालगत किनाऱ्याकडे सरकते आणि वर पावसाच्या हलक्या पाण्याचे झाकण असल्याने त्याला हवा मिळत नाही. गोव्याच्या संस्थेतील शास्त्रज्ञांनी २००० साली याविषयी महत्त्वाचे निरीक्षण प्रसिद्ध केले. त्या दिवसांत वीस-पंचवीस मीटर खोलीच्या तळावरील प्राण्यांची स्थिती, खळाळत्या लाटांतील काकईच्या मानाने, बिकट असते.

पाण्यात जे असेल ते काकई गाळून साठविते. ते सांडपाण्यातील जंतू असोत की विषारी सूक्ष्म वनस्पती. केरळात विळिंजम येथे १९९७ साली अशा विषारी शिंपल्या खाल्ल्याने सात माणसे दगावली. शिजविल्याने हे विष जात नाही. पाण्याला लाल वा हिरवट रंग चढला असेल, किंवा जवळ गटाराचे तोंड असेल, तर तेथील काकई काढू नये, हे मुलांकडून घरी पोचावे.

मोजणीची रीत

सहलीस सुंभाची एक लांब दोरी न्यावी व तिला अर्ध्या-अर्ध्या मीटरावर गाठी माराव्यात. भरतीच्या ओल्या खुणेपासून पाण्याच्या कडेपर्यंत ती सरळ ताणावी. बांबूच्या कामट्यांची, वीतभर लांब व वीतभर रुंद अशी एक चौकट करावी. प्रत्येक गाठीशी चौकट ठेवून आत काय काय आहे ते दोन मुलांनी मोजावे व तिसऱ्याने लिहावे. कोणताही प्राणी उखडू नये. उलटलेला दगड पुन्हा होता तसा ठेवावा, नाहीतर त्याच्या बुडाशी राहणारे उन्हात मरतात. मुलांचे आकडे जुळणार नाहीत. ते खोडू नयेत. दोघांचे आकडे का जुळले नाहीत यावर जी चर्चा होते तीतच अर्धा पाठ होतो.

ज्या शाळेस खडक जवळ नाही पण खाडीचा धक्का आहे, तिने भाद्रपदाच्या अखेरीस धक्क्याच्या खांबाला जाड सुंभ बांधून खाली सोडावे. त्याचे खालचे टोक ओहोटीतही पाण्यात राहील, पण तळाला टेकणार नाही, अशा बेताने त्याला दगड बांधावा. धक्क्यावर होड्या लावणाऱ्यांस आधी विचारून घ्यावे. हे काम शिक्षकाने किंवा एखाद्या पालकाने करावे, मुलांकडे देऊ नये. पंधरा-पंधरा दिवसांनी उधाणाच्या ओहोटीत ते वर ओढून पाहावे. काही आठवड्यांत त्यावर तांदळाएवढे हिरवे दाणे दिसल्यास ती काकईची पिले होत. कोणत्या गाठीवर ती अधिक बसली, कोणत्या गाठीवर डेऱ्यासारखे प्राणी आधी आले, वरच्या गाठीवरची पिले मार्गशीर्षापर्यंत टिकली की नाही, हे वहीत तिथीसह नोंदवावे. रत्नागिरीस १९५८ साली स्थापन झालेले सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र असून ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत येते. तेथील मत्स्यालय व संग्रहालय पाहावयास वर्ग नेताना ही वही बरोबर असू द्यावी. ओळख न पटलेल्या प्राण्यांची चित्रे काढून नेल्यास नावे तेथे विचारता येतील.